मीठगडच्या राणीचा तिसरा भाग

माणूस एक वेळ घरच्यांशी खोटं बोलेल, साहेबाशी बोलेल, रजेच्या अर्जात तर बोलेलच; पण वाचलेल्या पुस्तकाबद्दल तो खोटं बोलणार नाही. माणसाचा तेवढा एक व्यवहार अजून स्वच्छ उरला आहे. प्रेमानंद गजभिये यांचं हे मत वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत कायम होतं. मग त्यांनी एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं.

गजभिये नागपुरात एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते, पण वस्तीत त्यांची ओळख वेगळी होती. उजेड वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे. त्यावर दर महिन्याला खडूने 'वाचकाचा अभिप्राय' लिहिला जातो आणि गेली नऊ वर्षं तो गजभियेच लिहीत आले होते. त्यांचा विषय ठरलेला: अद्भुत कथा आणि विज्ञान कथा. राक्षस, जादूगार, परग्रहावरची माणसं, हजार वर्षांनंतरचं जग. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ठेवतात त्याच्या बाजूला, या पुस्तकांचं कपाट होतं. 'गंजलेल्या मुकुटाची गाथा' या महामालिकेबद्दल त्यांनी फळ्यावर लिहिलेलं एक वाक्य तर लोकांना तोंडपाठ झालं होतं: "सातव्या खंडात लेखक थकलेला जाणवतो." ते वाक्य दोन महिने कोणी पुसलं नव्हतं. एका मास्तरांनी ते आपल्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभात, खंडाचा उल्लेख गाळून, वापरलं होतं.

या कपाटाचे नियमित वाचक तिघेच. गजभिये, त्यांच्याच कार्यालयातून निवृत्त झालेले नत्थूजी, आणि माजी मुख्याध्यापिका यमुताई. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी तिघं त्याच खोलीत जमत, कोपऱ्यावरून तर्रीपोहे आणत, आणि चर्चा करत. मंडळाचा नियम एकच होता, पण कडक: जोवर तिघांचंही पुस्तक वाचून होत नाही तोवर शेवटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. शेवट फोडणाऱ्याने तीन महिने फक्त पोहे खायचे, बोलायचं नाही. यमुताईंनी ही शिक्षा एकदा भोगली होती. त्या तीन महिन्यांत चर्चा लवकर आटोपत, हे सगळ्यांनी मनातल्या मनात नोंदवून ठेवलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर दोन नवी अनुवादित पुस्तकं आली. 'मीठगडची राणी', पानं अकराशे चाळीस. आणि 'बारा प्रकाशवर्षं', जवळपास तेवढीच. ही असली पुस्तकं पंधरा दिवसांत कोणाकडूनच वाचून होत नाहीत आणि झोपून वाचायला घेतली तर छातीवर वजन येतं. म्हणून ग्रंथपाल शोभाताईंनी जुनी युक्ती केली. दोन्ही पुस्तकं धोंडबा बाइंडरकडे पाठवली. धोंडबा जाड पुस्तकाचे पट्टीने मोजून तीन सारखे तुकडे पाडतो, प्रत्येकाला खाकी कापडाचा पुठ्ठा चढवतो आणि पाठीवर पांढऱ्या रंगात एक, दोन, तीन घालतो. वाक्य कुठे तुटतं हे तो बघत नाही. कडा सारख्या करायला तो अशा बेतानं कातर मारतो की पानांचे खालचे आकडेही जातात. पण बांधणी अशी, की पुस्तक माणसाच्या आधी सुटणार नाही.

'मीठगडची राणी' मंडळात आधी नत्थूजींनी नेली, मग यमुताईंनी. गजभियेंच्या हाती ती सगळ्यांत शेवटी आली, आणि आल्याबरोबर त्यांना तिने धरलं.

राणीचं नाव इल्मारा. सावत्र भावाने तिला मिठाच्या खाणीत ढकललेलं. तिथून ती एका उडत्या प्राण्याच्या मदतीने सुटते. अनुवादकाने या प्राण्याला कुठे 'उडता अजगर' म्हटलं होतं, कुठे 'पंखनाग', त्यामुळे पहिली दीडशे पानं गजभिये ते दोन वेगळे प्राणी समजत होते आणि त्यातला अजगर त्यांना जास्त विश्वासू वाटत होता. पण राणीबद्दल गोंधळ नव्हता. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, साहेब दौऱ्यावर असताना, गजभिये राणीबरोबर होते. त्यांनी राणीसाठी दोन किरकोळ रजा टाकल्या; कारण 'घरगुती अडचण' असं लिहिलं, आणि ते त्यांना खोटं वाटलं नाही.

दुसरा भाग ऐन मोक्यावर संपला. राणी परतलेली आहे, भाऊ सिंहासनावर बसलेला आहे, दरबारात कोणी श्वास घेत नाही. शेवटची ओळ होती: "राणीने ओठ घट्ट मिटले, तलवार उपसली आणि पुन्हा एकदा"

गजभियेंनी तिसरा भाग उघडला. पहिली ओळ होती: "हवेच्या टाकीतला दाब तपासला. दाब कमी होता."

ते थांबले. मागची ओळ पुन्हा वाचली, पुढची वाचली. वाक्य बरोबर जुळत होतं. राणीने तलवार उपसली आणि पुन्हा एकदा हवेच्या टाकीतला दाब तपासला. पुढे ओरेन नावाचा एक कप्तान निघाला, अवकाशयान निघालं, सहा तास पुरेल इतका प्राणवायू निघाला. राणी निघाली नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने पुस्तक तिथेच मिटलं असतं. पण गजभिये जाणते वाचक होते, आणि जाणत्या वाचकाला फसवणं सोपं असतं. अलीकडच्या पुस्तकांनी त्यांना खूप शिकवलं होतं. एका कादंबरीत चारशे पानं ज्याला देव समजून पुजलं तो शेवटी बिघडलेला संगणक निघाला होता. दुसऱ्या एकीत अख्खी लढाई मुंगीच्या वारुळात चालली होती, आणि ते शेवटच्या पानावर सांगितलं होतं. तेव्हा हाही काहीतरी नवा प्रकार असणार. हजार वर्षं लोटली असतील. ओरेन हा राणीचा वंशज असेल. अजगर म्हणजेच यान असेल. थोडी कळ काढली की राणी येईल.

तीनशे ऐंशी पानं त्यांनी कळ काढली. त्यातली नव्वद पानं एका झडपेच्या दुरुस्तीवर होती. शेवटी ओरेन एकटाच दार उघडून अंधारात पाऊल टाकतो आणि पुस्तक संपतं.

त्या दिवशी ते ताटावर नुसते बसून राहिले.

"काहून जेवून नाही राहिले तुमी?" नंदिनीबाईंनी विचारलं.

"राणी आलीच नाही."

नंदिनीबाईंचा पुस्तकांवर राग नव्हता. नवरा घरात असून घरात नसतो, ही सोय त्यांना मानवली होती. "मंग येईन पुढच्या पुस्तकात," त्या म्हणाल्या. "तिच्यापायी भाजी काहून थंडी करता?"

"पुढचं पुस्तक नाही. संपलं. साडेसातशे पानं तिच्यासंगं फिरवलं मले, अन् शेवटी तिचं नावसुद्धा नाही. याले काय म्हनाचं?"

"ते लिहिनाऱ्याले विचारा. मी तर भाजीच केली."

गजभियेंना आयुष्यात दोन-चारदा दगा झाला होता. पदोन्नतीत एकदा, प्लॉटच्या व्यवहारात एकदा. पण त्या लोकांकडून त्यांनी अपेक्षाच ठेवली नव्हती. हा दगा विश्वासातल्या माणसाने दिला होता. फळ्यावर काय लिहायचं, हे त्यांनी रागाच्या भरात ठरवूनही टाकलं: "वाचकाचा उघड विश्वासघात." खडू घ्यायला ते वाचनालयात गेले आणि तिथे नत्थूजी पेपर वाचत बसलेले.

नियम म्हणजे नियम. शेवटाबद्दल बोलता येत नव्हतं. पण शेवट कसा वाटला, एवढं विचारायला हरकत नव्हती.

"नत्थूजी, राणीचा शेवट कसा वाटला तुमाले?"

नत्थूजींनी पेपर खाली घेतला. चष्मा काढला. "काय सांगू प्रेमानंद तुले," ते म्हणाले. "रडलो गा मी."

"रडले?"

"घळाघळा. आमची बुढी म्हने, काय झालं. म्हटलं, काही नाही, तिसरा भाग."

गजभियेंनी यमुताईंना फोन लावला. यमुताई म्हणाल्या, असा शेवट लिहायला छाती लागते, आणि तो समजायला त्याहून मोठी लागते.

गजभिये खडू न घेताच घरी आले. म्हणजे लेखक बरोबर होता, आणि चुकले होते ते स्वतः. नत्थूजी, जे सिनेमात पाणी प्यायला उठतात आणि परत येऊन दुसऱ्याच रांगेत बसतात, त्या नत्थूजींना कळलं. आणि नऊ वर्षं फळा चालवणाऱ्या माणसाला कळलं नाही. आपलं वय झालं, हा विचार त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा आला. गुडघ्यांमुळे आला नव्हता, तो झडपेमुळे आला.

त्यांनी तिसरा भाग मुदत वाढवून घेतला आणि पुन्हा वाचला. या वेळी पेन्सिल घेऊन. आणि हळूहळू त्यांना दिसू लागलं. मीठ आणि प्राणवायू. खाण आणि यान. सिंहासन रिकामं, अवकाशही रिकामं. राणी येत नाही, कारण सत्तेची वाट पाहणाऱ्याने शेवटी स्वतःच अंधारात पाऊल टाकायचं असतं. झडपेच्या नव्वद पानांतही त्यांना करुणा सापडली. ती सापडायला चार दिवस लागले.

वाचनालयाचं हे पंचविसावं वर्ष होतं. स्मरणिका निघणार होती, आणि तीत गजभियेंचा लेख, फोटोसकट, शोभाताईंनी आधीच मागून ठेवला होता. त्यांनी तो लिहिला. मथळा दिला: 'एका राणीचे अवकाशगमन'. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी मंडळात तो वाचायचा आणि सोमवारी छापखान्यात द्यायचा असं ठरलं. तिघांचंही वाचून झालेलं असल्याने शेवट आता मोकळा झाला होता.

रविवारी पोहे झाले, हात पुसले गेले. गजभिये उभे राहून वाचू लागले. राणी जिथे थांबते तिथे यान सुरू होतं, हे वाचताना त्यांनी चोरून नत्थूजींकडे पाहिलं. नत्थूजी डोळे मिटून मान हलवत होते. ओरेन, झडप, सहा तासांचा प्राणवायू, दार, अंधार. लेख संपला.

"हेच," नत्थूजी म्हणाले. "इथंच रडलो मी. थो दार उघडते ना, तिथं."

"मला तर ते यान म्हणजे राणीचं मनच वाटलं हो," यमुताई म्हणाल्या. "मी तेव्हाच वहीत टिपून ठेवलं होतं."

गजभियेंना बरं वाटलं. दोन महिन्यांनी ते आपल्या माणसांत परत आले होते.

एवढ्यात शोभाताईंच्या टेबलापाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. भूमिका नाव, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. या कपाटाला तिने नुकताच हात घातला होता. तिच्या हातात 'बारा प्रकाशवर्षं'चे दोन खाकी भाग होते.

"मॅडम, याचा थर्ड पार्ट बदलून द्या ना," ती म्हणाली. "हा चुकीचा लागला आहे. यात कोणीतरी राणी आहे."

मागच्या खोलीत कूलर चालू नव्हता, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू आलं.

"राणी कशी असीन त्यात?" शोभाताई म्हणाल्या. "ते तर अवकाशातलं आहे नं वं."

"तेच म्हणते ना मी. सेकंड पार्ट इथं संपते: 'ओरेनने घड्याळाकडे पाहिले आणि थरथरत्या हाताने'. आणि हा सुरू होते: 'भावाच्या गळ्याला तलवार लावली. दरबार हादरला.' ओरेनजवळ कुठली तलवार? पहिल्या ओळीतच समजते ना."

शोभाताई उठल्या. मंडळासाठी आपल्या टेबलावर काढून ठेवलेल्या राणीच्या तीन भागांतला तिसरा उचलला, भूमिकाचा उचलला, दोन्ही उघडून शेजारी ठेवले. मग चष्म्यावरून मंडळाकडे पाहिलं. "धोंडबानं पुठ्ठे बदलवले वाटते," त्या म्हणाल्या. "याचं त्याले, त्याचं याले."

यमुताईंनी पर्स उघडली आणि तिच्यात काहीतरी शोधू लागल्या. ते त्यांना बैठक संपेपर्यंत सापडलं नाही.

"मले आधीच वाटून राहिलं होतं," नत्थूजी म्हणाले, "का काहीतरी गडबड आहे म्हून."

"कुठं वाटलं?" गजभियेंनी विचारलं. "रडायच्या आधी का मंग?"

नत्थूजींनी रिकाम्या प्लेटमधला एक शेंगदाणा बोटाने सरकवला.

गजभिये टेबलापाशी गेले. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. कोणी कधी नेलं, त्याचा शिक्का आणि सभासद क्रमांक. ती त्यांनी आजवर कधी पाहिली नव्हती; मुदत संपली की शोभाताई फोन करत. राणीच्या पहिल्या भागावर तीन शिक्के होते. दुसऱ्या भागावर दोन, एक यमुताईंचा, एक त्यांचा. तिसऱ्या भागावरही दोन होते, आणि दोन्ही त्यांचेच. एक नेल्याचा, एक मुदतवाढीचा.

"शोभाताई, तुमाले माहीत होतं?"

"मले सगळ्यांचंच माहीत असते."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कोण काय नेते अन् काय नाही नेत, ते मी कोणाले सांगत नाही," शोभाताई म्हणाल्या. "डॉक्टर सांगते काय?"

गजभियेंनी लेखाची घडी केली, खिशात घातली आणि चप्पल पायात सरकवून बाहेर पडले. ऊन चढलं होतं. एकवीस वर्षं नत्थूजींच्या शेजारच्या टेबलावर काढली होती, नऊ वर्षं या मंडळात. दगा कोणी दिला याचा हिशेब आता नीट लागत होता. लेखकाने नाही. त्या बिचाऱ्याने तर राणीला पहिल्याच ओळीत भावाच्या गळ्यापर्यंत पोचवलं होतं.

चहाच्या टपरीपाशी नत्थूजींनी त्यांना गाठलं. धाप लागलेली होती. त्यांनी दोन चहा सांगितले आणि बाकड्यावर जागा करून दिली. गजभिये उभेच राहिले.

"बस ना गा."

"नाही. तुमी एक सांगा. मी दोन महिने सोताले मूर्ख समजून राहिलो. दुसऱ्यांदा वाचलं मी ते. झडपेसकट. तुमाले एकदा म्हनता नाही आलं, प्रेमानंद, मी नाही वाचलं म्हून?"

"पन्नास पानांच्या वर मले झोप येते," नत्थूजी म्हणाले. "आजची गोष्ट नाही ते. पयलेपासून येते. पन रविवारी पोरगं अन् सून त्यांच्या-त्यांच्यात, बुढी टीव्हीत. मी कोठी जाऊ? इथं आलं का तू बोलते, यमुताई बोलते, मले बरं वाटते. त्याच्यासाठी रडा लागलं तर रडतो."

"अन् इतके दिवस, दर महिन्याले?"

"दर महिन्याले."

"म्हनजे एकही पुस्तक?"

"मुंग्यांवालं वाचलं. थे बारीक होतं."

गजभियेंनी चहाचा ग्लास घेतला, पण तोंडाला लावला नाही. "मी स्मरणिकेत लेख देनार नाही," ते म्हणाले. "फळाही लिहिनार नाही. जिथं लोक न वाचताच बोलतात तिथं मी नाही राहू शकत. मले तत्त्व आहे."

"असू दे," नत्थूजी म्हणाले. त्यांनी आपला चहा संपवला, ग्लास बाकड्याखाली ठेवला. "एक विचारू काय? रागावशील नाही तर."

"विचारा."

"थे गंजलेल्या मुकुटाची मालिका. तू लिहिलं होतं फळ्यावर, सातव्या खंडात लेखक थकलेला जाणवते म्हून."

"मंग?"

"मले लय आवडलं थे वाक्य. म्हटलं, आपन बी पाहावं, किती थकला. म्हून शोभाताईले सातवा खंड मागतला मी."

गजभियेंनी चहाचा घोट घेतला. चहा निवला होता.

"मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे," नत्थूजी म्हणाले. "मी तुले काही म्हटलं काय?"

पहिल्या खंडाच्या मलपृष्ठावर 'सात खंडांची महागाथा' असं छापलेलं होतं. गजभियेंना ते आठवलं. चौथ्या खंडात आपण कुठवर पोचलो होतो, तेही साधारण आठवलं. ते बाकड्यावर बसले. नत्थूजींनी थोडं सरकून घेतलं आणि आणखी दोन चहा सांगितले.

ती मालिका सहाव्या खंडातच संपली होती.